वाटाणा, आगकाड्या आणि स्टॉप मोशन

१९१२ सालची गोष्ट. ‘राजा हरिश्चंद्र’ यायला अजून वर्ष होतं आणि सिनेमात पैसे घालायला कोण तयार होणार, म्हणून दादासाहेब फाळक्यांनी काय केलं तर कुंडीत वाटाणा लावला आणि त्याची वाढ रोज थोडी थोडी कॅमेऱ्यात घेत गेले. पडद्यावर बघता बघता कोंब फुटला, वेल झाली, आणि भांडवलाची सोयही झाली! तसं हे टाइमलॅप्स, कारण वेल आपली आपण वाढत होती. स्टॉप मोशनमध्ये वस्तू आपण हलवायची, फोटो, परत हलवायची, परत फोटो. पुढे ‘आगकाड्यांची मौज’मध्ये फाळक्यांनी तेही केलंच.

पण निर्जीव काडी हलताना दिसते कशी? त्यावरचा गाजलेला प्रयोगही नेमका १९१२ मध्येच छापून आला. जर्मनीत मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्थायमरने लोकांना दोन रेघा एकीमागून एक दाखवल्या. मध्ये ३० मिलिसेकंद गेले तर दोन्ही एकदमच दिसायच्या, २०० गेले तर आधी ही मग ती, पण ६०च्या आसपास ठेवलं की एकच रेघ इकडून तिकडे सरकल्यासारखी दिसायची. म्हणजे हालचाल मेंदू बनवतो, फिल्मवर ती नसतेच. (डोळ्यात चित्र रेंगाळतं वगैरे शाळेतलं उत्तर अर्धवट आहे.)

म्हणून शॉर्टफिल्मवाले सेकंदाला १२ फोटोंवर भागवतात, तरी ३ मिनिटांचे २१६० होतातच, बसा काढत.

मग झटके का दिसतात? खरा माणूस पळताना शूट केला की प्रत्येक फ्रेममध्ये तो जरा पुसट येतो आणि मेंदूला ते सवयीचं असतं, क्लेचा बाहुला मात्र फोटो काढताना स्थिर असल्यामुळे प्रत्येक वेळी धारदार येतो. त्यात तुम्ही त्याला एकदम लांब सरकवलात तर मेंदू दोन जागा जोडतच नाही, बाहुला गायब होऊन दुसरीकडे उगवल्यासारखा वाटतो. त्यामुळे सुरुवातीला आणि थांबताना अगदी किंचित सरकवायचं, मध्ये जास्त. आणि मोबाईलचं ऑटो एक्सपोजर (फोटोतला उजेड आपोआप कमी-जास्त करणं) आधी बंद करा, खिडकीला पडदा लावा, नाहीतर अभिनय झकास पण उजेडच नाचतोय असं होतं.