प्रकल्प-विलंब निवारण (औद्योगिक बांधकाम)

औष्णिक वीज केंद्रे, खत व पोलाद कारखाने, बंदरे, वायू टर्मिनले यांची बांधणी मुदतीत पुरी व्हावी म्हणून कामांचा क्रम, कालावधी व सामग्री यांचे केलेले नियोजन आणि त्यावरील देखरेख. प्रस्तुत नोंद मुख्यत्वे कोकण किनाऱ्यापुरती आहे.

पद्धतींचा उगम : आडव्या पट्ट्यांचा वेळ-तक्ता अमेरिकी अभियंता हेन्री गँट याच्या नावाने (सु. १९१०–१५) रूढ आहे. पोलिश अभियंता कारोल अडामिएत्स्की याने तसाच ‘हार्मोनोग्राम’ सु. १८९६ मध्ये तयार केला होता. भाषेच्या अडसरामुळे तो पश्चिमेकडे फारसा पोहोचला नाही. अडामिएत्स्कीच्या तक्त्यात प्रत्येक कामाच्या आधीची व नंतरची कामेही नोंदलेली असत, म्हणून पुढच्या कार्यजाल (कामांचे परस्परावलंबन जाळ्याच्या रूपात मांडणाऱ्या) पद्धतींचा पूर्वज तोच मानणे अधिक सयुक्तिक वाटते. कार्यजालाच्या दोन शाखा जवळजवळ एकाच वेळी निघाल्या. द्यू पाँ कंपनीचा मॉर्गन वॉकर व रेमिंग्टन रँडचा जेम्स केली यांनी १९५७ च्या सुमारास निर्णायक मार्गाची (क्रिटिकल पाथ; एकूण मुदत ठरवणाऱ्या, सर्वांत लांब कार्यसाखळीची) पद्धत बसवली. अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी १९५८ मध्ये पर्ट (प्रोग्रॅम इव्हॅल्युएशन अँड रिव्ह्यू टेक्निक) ही पद्धत वापरात आणली. पहिलीत प्रत्येक कामाचा एकच कालावधी धरतात. पर्टमध्ये आशावादी, सर्वाधिक संभाव्य व निराशावादी असे तीन अंदाज घेऊन संभाव्य अंदाजाला चौपट वजन देतात आणि बेरजेला ६ ने भागतात.

कोकणात पर्टची ही सरासरी दिशाभूल करू शकते. मेअखेरचा पाया चुकला तर तो जूनच्या मध्याला होत नाही, ऑक्टोबरात होतो. मे आणि ऑक्टोबर यांची सरासरी जुलै–ऑगस्टात पडते, आणि त्या महिन्यांत ते काम होतच नाही. म्हणून प्रत्येक उघड्यावरच्या कामाला वेगळी पावसाळी दिनदर्शिका जोडणे हाच खात्रीचा उपाय होय. जानेवारीत वाया गेलेला आठवडा एक आठवड्याचाच असतो. मेमधला चार महिन्यांचा होतो.

आगोटीपूर्वीची कामे : किनारपट्टीवर वर्षाला सु. २,५०० ते ३,५०० मिमी पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. वेळापत्रक ३१ मेपासून मागे मोजतात. तोवर पाया जोत्यापर्यंत यावा, खड्डे भरून व्हावेत, गटारे वाहती असावीत. भराव २०० ते ३०० मिमीच्या थरांनी दाबतात; भिजलेली जांभ्याची माती दाबली जात नाही. उघडा राहिलेला खड्डा पाण्याने भरतो, कडा ढासळतात, ऑक्टोबरात चिखल उपसून खालचे काँक्रीट पुन्हा टाकावे लागते. मुख्य इमारतीचा सांगाडा उभा करून छताचे पत्रे मेअखेर चढवले, तर आतली यंत्रे, पाइप व केबलची कामे पावसाळाभर चालतात. म्हणून वेळापत्रकात छताला पायाइतकेच महत्त्व द्यावे.

आर्द्रतेचे परिणाम वेगळे पाहावे लागतात. कमी-हायड्रोजन वेल्डिंग रॉड वापरण्यापूर्वी सु. ३००–३५० अंश से. तापमानात एक ते दोन तास भाजून नंतर गरम पेटीतच ठेवतात. ओलसर रॉडमधला हायड्रोजन जोडात उतरतो, तडा कधीकधी दोन दिवसांनी दिसतो व जोड कापून पुन्हा करावा लागतो. रंगकामात पोलादाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी जास्त आणि सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांखाली हवी. जुलैत शेडबाहेर हे क्वचितच जुळते.

जमीन व पाया : जांभ्याचे कठीण कवच फसवे असते, खाली मऊ चिकणमाती असू शकते. कवच लागताच जमीन तपासणीचे बोअर (छिद्र) थांबवल्यास पायाचे आराखडे खोदाईनंतर बदलतात. कोकण रेल्वेत पेडणे (गोवा) येथील मऊ मातीतल्या बोगद्याने फार वेळ घेतला. संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. खाडीकाठच्या सागरी चिखलावर भार ठेवून पाणी पिळून काढावे लागते. लागणारा काळ पाण्याच्या बाहेर पडण्याच्या वाटेच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : वाट निम्मी केली की काळ चौथाई. म्हणून चिखलात १ ते १.५ मी. अंतरावर उभ्या निचरा-पट्ट्या रोवतात, आणि वर्षांचे काम महिन्यांवर येते. घाईने भार लवकर उतरवला तर चिखल नंतर बसतो व पाइप-रॅक कलतात. म्हणून खचण्याची मोजमापे स्थिरावल्याशिवाय पुढची परवानगी देऊ नये.

वाहतूक : अवजड यंत्रे घाटांच्या वळणांवर अडतात, म्हणून तराफ्याने समुद्रमार्गे आणणे श्रेयस्कर, मात्र तीही मेपूर्वीच. लाटरोधक बांध अपुरा राहिल्याने दाभोळचे वायू टर्मिनल अनेक वर्षे पावसाळ्यात जहाजे घेऊ शकत नव्हते.

भूसंपादन व मनुष्यबळ : सातबाऱ्यावर अनेक सहहिस्सेदार, काही मयत, बरेच मुंबईत. वारसनोंदी व फेरफार आखणीच्या वर्षीच सुरू करावेत, नाहीतर मधले दोन गुंठे राहून पाइपलाइन अडते. गणपती व शिमग्याला स्थानिक कामगार, होळी व छठला परप्रांतीय कामगार गावी जातात. हे दिवस कामाचे धरू नयेत.