हत्तीपासून तीस मीटरवर

मे महिना आला की बडोद्यातल्या मराठी घरांमधून कुणी ना कुणी मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला निघालेलं असतं. नायगारा बघून झाला की पुढचा मुक्काम बहुधा फ्लोरिडातलं ऑरलँडो. नातवंडांसाठी म्हणून डिस्नेची तिकिटं काढली जातात आणि आजी-आजोबाही सोबत जातात. तिथलं अ‍ॅनिमल किंगडम हे थीम पार्क २२ एप्रिल १९९८ रोजी सुरू झालं. तिथे आफ्रिकी हत्तींचा कळप आहे, आणि २०१७ पासून त्या हत्तींसाठी 'केअरिंग फॉर जायंट्स' नावाची वेगळी, मार्गदर्शकासोबतची सफर निघते. पार्कच्या तिकिटाखेरीज तिचे पैसे वेगळे भरावे लागतात. साधारण तासाभराचा कार्यक्रम असतो. गाडीतून पार्कच्या मागच्या बाजूला नेतात आणि उंचवट्यावरून हत्ती दाखवतात.

जाण्याआधी एक गोष्ट घरच्यांना सांगून ठेवा. तिथे हत्तीला हात लावायला मिळत नाही. केळं भरवता येत नाही, डोक्यावर सोंड ठेवून घेता येत नाही, पाठीवर बसून फेरीचा तर प्रश्नच नाही. हत्ती आणि आपण यांच्यात पंचवीस-तीस मीटर अंतर असतं. एवढे डॉलर मोजून हे काय, असं काहींना वाटतं. माझं मत नेमकं उलट आहे. हत्तीबद्दल खरोखर काही शिकायचं असेल तर हे अंतर फार उपयोगाचं आहे.

आपल्या बडोद्याला हत्ती जवळून बघायची मोठी परंपरा आहे. गायकवाडांच्या काळात इथे अगड होती, भक्कम भिंतींचं हत्तींच्या खेळांचं मैदान. तिथे हत्तींच्या झुंजी लागत आणि साठमारी होई: मस्तीवर आलेल्या हत्तीला मैदानात सोडायचं, हातात भाले आणि कापड घेतलेल्या साठमारांनी त्याला डिवचायचं, आणि तो अंगावर आला की भिंतीतल्या अरुंद खिडकीतून पलीकडे निसटायचं. खिडकीतून माणूस जाई, हत्ती जाऊ शकत नसे. १८७५ मध्ये ब्रिटनचे युवराज बडोद्याला आले तेव्हा त्यांनाही हत्तींचे हे खेळ दाखवण्यात आले होते. आज बडोद्यात हत्तीखाना म्हटलं की धान्याचा घाऊक बाजार डोळ्यांसमोर येतो. पण मस्तीवर आलेला हत्ती कसा दिसतो हे इथल्या जुन्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. डोळा आणि कान यांच्यामध्ये, गंडस्थळावर, ओला काळपट ओघळ दिसला की लोक लांब सरत.

तो ओघळ म्हणजे तिथल्या ग्रंथीतून झिरपणारा स्राव. वयात आलेल्या नराच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचं प्रमाण ठरावीक काळाने एकदम चढतं, नेहमीच्या कितीतरी पट होतं, आणि मस्तीची ही अवस्था काही आठवडे, कधी काही महिनेही टिकते. या काळात लघवी थेंबथेंब गळत राहते, खाण्यावरचं लक्ष उडतं, स्वभाव तापट होतो. धष्टपुष्ट, उत्तम खुराक मिळालेला नर मस्तीत जास्त काळ राहतो. अंगावर चरबी असेल तरच हा महिनाभराचा उपास-तापास परवडतो.

ऑरलँडोला मात्र बडोद्याची ही खूण चुकीचं उत्तर देईल. आफ्रिकी हत्तींमध्ये गंडस्थळाची ग्रंथी माद्यांमध्येही वाहते, तीही मस्तीशिवाय. ताटातुटीनंतर पुन्हा भेट झाली, काही खळबळ झाली, घाबरगुंडी उडाली की माद्यांच्या गालांवरही ओले पट्टे उमटतात. तेव्हा एखाद्या हत्तिणीच्या कानाजवळ ओल दिसली तर 'मस्तीवर आलाय' म्हणून बाजूला होऊ नका. थोड्या वेळापूर्वी तिथे काय घडलं, कोण कुणाला भेटलं, हे मार्गदर्शकाला विचारा. उत्तर रंगतदार निघण्याची शक्यता बरीच आहे.

आपला हत्ती आणि हा हत्ती वेगळे आहेत हे मुलांना कान दाखवून सांगता येतं. आफ्रिकी हत्तीचे कान खांद्यावर पसरतील एवढे मोठे, पाठ मध्ये खोलगट, आणि सुळे मादीलाही. सोंडेच्या टोकाला त्याला बोटासारखे दोन उंचवटे असतात. आपल्या हत्तीला एकच, वरचं. हे दोघे एकमेकांचे सख्खे भाऊ नव्हेत. त्यांचे पूर्वज लाखो वर्षांपूर्वीच वेगळे झाले. दोघांचा संकर झाल्याची एकच खात्रीशीर नोंद आहे. १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या चेस्टर प्राणिसंग्रहालयात जन्मलेलं ते पिल्लू, मोटी, जेमतेम दहा दिवस जगलं.

आता पायांकडे या. पाळलेल्या हत्तींचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे पायाचे आजार. हत्तीचा पाय वरून खांबासारखा सपाट वाटतो, पण आतून तो चवड्यांवर उभा असतो. बोटांची हाडं तिरपी असतात आणि टाचेच्या जागी चरबी-तंतूंची जाड गादी. पाऊल टेकलं की ही गादी पसरते, उचललं की आक्रसते. २०११ मध्ये लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या जॉन हचिन्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की या गादीला आतून आधार देणारं एक जादा हाड असतं, सहाव्या बोटासारखं काम करणारं. कित्येक टनांचं ओझं अशा रचनेवर दिवसचे दिवस उभं असतं. रानात हत्ती मऊ-कडक, ओल्या-सुक्या जमिनीवर मैलोन्‌मैल चालतो. नखं आणि तळवे आपोआप झिजतात. सिमेंटच्या फरशीवर साखळीने बांधलेल्या हत्तीला हे मिळत नाही. नखं वाढतात, तडकतात, तळव्यात जखम होते, तीत पू होतो, संसर्ग हाडापर्यंत पोचतो. यातून हत्ती दगावतात.

म्हणून चांगल्या ठिकाणी हत्तीचे पाय नियमितपणे तपासले जातात. त्याची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. हत्ती आणि सांभाळणारा यांच्यामध्ये जाड लोखंडी गजांची भिंत असते. सांभाळणाऱ्याच्या हातात लांब काठी, तिच्या टोकाला गोळा. हत्तीने गोळ्याला अंग टेकवलं की शिट्टी वाजते आणि खाऊ मिळतो. एवढंच पहिल्यांदा शिकवतात. मग गोळा थोडा खाली, थोडा बाजूला. हळूहळू हत्तीण ठरलेल्या शब्दावर पाऊल उचलून गजांतल्या खिडकीतल्या पट्टीवर ठेवते. सांभाळणारा तळवा धुतो, कानसीने नख घासतो, भेगेत अडकलेला खडा काढतो. तसंच ती कान खिडकीशी आणते आणि कानामागच्या शिरेतून रक्त काढून घेऊ देते. क्षयाची तपासणी करायची तर सोंडेत मिठाचं पाणी घालतात, ती सोंड वर धरते, मग पिशवीत जोरात फुंकते. कंटाळा आला तर निघून जाते, आणि तिला कुणी ओढून आणत नाही. अंकुश नाही, साखळी नाही.

आपल्या माहुतांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ज्ञानाबद्दल मला मनापासून आदर आहे. हत्तीच्या कानाच्या हालचालीवरून त्याचं पोट बिघडलंय हे ओळखणारी माणसं आहेत ती. पण त्या पद्धतीचा पाया माणसाचा धाक हा होता, आणि त्यात माहूतही मरत, हत्तीही सोसत. गजांआडून केलेली निगा दोघांचाही जीव सांभाळते. साठमारीच्या अगडीत भिंतीतली खिडकी माणसाला हत्तीपासून पळायला होती. इथे तिच्यातून हत्ती स्वतःहून पाय पुढे करतो.

क्षयाचा उल्लेख आला म्हणून अंतराचं आणखी एक कारण सांगतो. माणसाला होणारा क्षय हत्तीलाही होतो, आणि पाळलेल्या हत्तींमध्ये तो माणसांकडून गेल्याचं आणि हत्तींकडून माणसांत आल्याचंही आढळलं आहे. दिवसभर शेकडो लोक ज्या सोंडेशी खेळतात, त्या हत्तीची काळजी घेतली जाते असं म्हणताच येत नाही. कुठल्याही पार्कात हत्तीवर बसवणारी किंवा त्याच्यासोबत आंघोळ घालणारी सहल असेल तर पैसे भरू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे.

सफरीत सगळ्यांचं लक्ष सोंडेवर असतं, ते योग्यच आहे. सोंडेत एकही हाड नाही, नुसते स्नायू. २०२१ मध्ये जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी अटलांटा प्राणिसंग्रहालयातल्या केली नावाच्या हत्तिणीवर साधे प्रयोग केले. कंदाचे थोडे मोठे तुकडे ठेवले तर ती सोंडेने पकडून उचले. बारीक आणि पुष्कळ ठेवले की ती श्वास ओढून ते सोंडेच्या टोकाला चिकटवून घेई, आणि तसा फुर्रकन आवाज येई. मग तिच्यासमोर मक्याची पातळ, कुरकुरीत चकती ठेवली. चकती सपाट पृष्ठभागावर पडलेली असली की तिची कड बोटांत धरणं आपल्यालाही अवघड जातं. केलीने सोंड टेकवून हवा ओढली, चकती उचलली आणि बहुतेक वेळा ती मोडलीही नाही. हिशेब केला तेव्हा कळलं की सोंडेत हवा सेकंदाला दीडशे मीटरपर्यंतच्या वेगाने शिरते. पाणी ओढताना ती नाकपुड्या आतून फुगवून सोंडेतली जागा वाढवते आणि सेकंदाला सुमारे तीन लिटर पाणी घेते.

दुसरी गोष्ट कानांनी कळणारी नाही. १९८४ मध्ये केटी पेन या संशोधिका अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींजवळ बसल्या होत्या. मूळच्या त्या देवमाशांच्या आवाजाच्या अभ्यासक. आवाज काहीच नव्हता, पण हवेत काहीतरी धडधडतंय असं त्यांना जाणवत राहिलं. ध्वनिमुद्रण करून ते वेगाने वाजवलं तेव्हा हत्तींचं बोलणं ऐकू आलं. माणसाचा कान सेकंदाला साधारण वीस कंपनांच्या खालचं ऐकत नाही, आणि हत्तींच्या खर्जातला बराचसा भाग त्याच्याही खाली असतो. असे आवाज झाडाझुडपांतून कित्येक किलोमीटर जातात. अ‍ॅनिमल किंगडममधल्या हत्तिणींच्या गळ्यात मायक्रोफोनचे पट्टे बांधून जोसेफ सॉल्टिस या संशोधकांनी असंच काम केलं, आणि मैत्रिणी एकमेकींच्या हाकेला ओ देतात हे नोंदवलं. तुम्हाला ऐकू येणार नाही, पण बघता येईल: दुर्बीण असेल तर ती हत्तिणीच्या कपाळावर, सोंड जिथे सुरू होते तिथे धरा. हुंकार देताना तिथली कातडी कधी कधी थरथरते. बाकीचा कळप त्याच क्षणी चरायचं थांबला, कान ताठ झाले, तर बहुधा काहीतरी निरोप गेलेला असतो.

सॉल्टिस यांचं नाव आणखी एका कामात येतं, आणि सफरीवरचे मार्गदर्शक ते हमखास सांगतात. केनियात लूसी किंग या संशोधिकेने हत्तींना मधमाश्यांचा आवाज ऐकवला. हत्ती पळाले, डोकी झटकली, आणि पळताना विशिष्ट हुंकार दिला. २०१० मध्ये किंग, सॉल्टिस आणि सहकाऱ्यांनी नुसता तो हुंकार दुसऱ्या हत्तींना ऐकवला. मधमाशी नसताना तेही मागे हटले. हत्तीची कातडी जाड खरी, पण डोळ्यांभोवती आणि सोंडेच्या आत डंख बसला की त्याला सोसत नाही. यातून शेतांभोवती पोळ्यांची कुंपणं उभी राहिली: दर काही मीटरवर टांगलेली पेटी, पेट्यांना जोडणारी तार. हत्तीने तार ढकलली की पेट्या हलतात आणि माश्या बाहेर पडतात. पीक वाचतं, हत्तीही वाचतो, शिवाय शेतकऱ्याला मध मिळतो. आपल्याकडे खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने २०२१ मध्ये कर्नाटकातल्या कोडगूत हाच प्रयोग सुरू केला. सफरीच्या पैशांतला काही भाग वन्यजीव संवर्धनाला जातो तो अशाच कामांसाठी.

तरीही हत्तींना पार्कात ठेवावं का, हा प्रश्न उरतोच, आणि मुलांनी तो विचारला तर टाळू नये. भारतात केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने नोव्हेंबर २००९ मध्ये हत्तींना प्राणिसंग्रहालयांतून हलवायचा आदेश दिला, कारण त्यांना लागते तेवढी जागा आणि सोबत तिथे मिळत नाही. अंमलबजावणी पूर्ण झालेली नाही, पण विचार बरोबर होता. दुसरी बाजूही खरी आहे. लहान हत्तींचा जीव घेणारा एक नागीणवर्गीय (हर्पीस) विषाणू आहे. आजार दिसल्यापासून एक-दोन दिवसांत पिल्लू जातं. त्याच्यावरची एमआरएनए लस २०२४ मध्ये ह्यूस्टन प्राणिसंग्रहालयातल्या टेस नावाच्या हत्तिणीला पहिल्यांदा दिली गेली. नियमितपणे रक्त देणारे, कान पुढे करणारे हत्ती नसते तर ती लस तयार करणं फार अवघड गेलं असतं. आशियातल्या रानांतली पिल्लंही याच विषाणूने मरतात.

शेवटी प्रश्नांना वेळ देतात. तिथे वय आणि वजन सगळेच विचारतात. तुम्ही दातांचं विचारा. हत्तीला जन्मभरात दाढांचे सहा संच येतात. आपल्यासारखे खालून वर नव्हे, तर मागून पुढे सरकत. पुढची दाढ झिजून तुकड्या-तुकड्यांनी पडते आणि मागची तिची जागा घेते. सहावा संच झिजला की रानातल्या म्हाताऱ्या हत्तीला चारा चावता येत नाही. पार्कात मात्र कुठली हत्तीण कितव्या संचावर आहे याची नोंद असते, लिदीत न चावलेल्या काड्या किती लांब निघतात ते बघतात, आणि त्याप्रमाणे तिचं गवत बारीक कापून देतात.