पलटणीच्या छोट्या कॅन्टीनची उपेक्षा: पार्श्वभूमी

संरक्षण दलांच्या कॅन्टीनविषयी बाहेर जी चर्चा होते, ती बहुधा स्वस्त दारू, करसवलत आणि मोटारींवरील सूट यांच्यापुढे जात नाही. हा माल ज्या दुकानातून प्रत्यक्ष सैनिकाच्या हातात पडतो, त्या ‘युनिट रन कॅन्टीन’कडे, म्हणजे एखादी पलटण, स्टेशन मुख्यालय किंवा प्रशिक्षण केंद्र स्वतः चालवत असलेल्या किरकोळ दुकानाकडे, फारसे कोणी वळून पाहत नाही. देशात अशी साडेतीन हजारांहून अधिक कॅन्टीन आहेत. मोठ्या छावण्यांतली कॅन्टीन आज एखाद्या सुपर बाजारासारखी दिसतात. आडबाजूच्या ठाण्यांतल्या छोट्या कॅन्टीनची स्थिती मात्र निराळी आहे. तिथे फळ्या अर्ध्या रिकाम्या असतात, नोकर एक-दोनच असतात आणि दुकान आठवड्यातून मोजकेच दिवस उघडते. या अवस्थेचे खापर तिथल्या अधिकाऱ्यावर किंवा काउंटरवरच्या माणसावर फोडणे सोपे आहे, पण तसे करणे अन्यायाचे ठरेल. गेल्या शंभर वर्षांत या व्यवस्थेत जेव्हा जेव्हा सुधारणा झाली, तेव्हा, एक फसलेला प्रयोग सोडला तर, ती घाऊक खरेदीत झाली आणि शेवटचा गल्ला पलटणीच्या भरवशावर सोडून देण्यात आला. उपेक्षेचे मूळ तिथे आहे.

लष्कराच्या पाठोपाठ बाजार चालणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. मराठ्यांच्या फौजेबरोबरही वाणी, सराफ आणि बाजारबुणगे असत. कंपनी सरकारने छावण्या वसवल्या, तेव्हा हाच बाजार एका जागी स्थिरावला. पुणे, कामठी, सातारा अशा ठिकाणी आजही ‘सदर बाजार’ या नावाने ओळखले जाणारे भाग आहेत. हिंदी शिपायाला शांततेच्या काळात स्वतःच्या पगारातून आटा-डाळ विकत घ्यावी लागे. ती पुरवणारा पलटणीचा बनिया उधारीची वही ठेवी आणि पगाराच्या दिवशी वसुली करी. पहिल्या महायुद्धाच्या काळात हिंदी शिपायाला मोफत शिधा मिळू लागला, तेव्हा या बनियाचे महत्त्व ओसरले. गोऱ्या सैनिकांसाठी मात्र ‘कॅन्टीन’ नावाची स्वतंत्र सोय आधीपासून होती. तिथे एका बाजूला बिअर मिळे आणि दुसऱ्या बाजूला किराणा व चहा-फराळ.

हे कॅन्टीन पलटण सहसा ठेकेदाराला चालवायला देई. ठेकेदार त्याबदली पलटणीच्या निधीत ठरावीक रक्कम किंवा विक्रीवर टक्केवारी भरी. त्या पैशातून खेळ, वाचनालय आणि सैनिकांच्या मनोरंजनाचा खर्च भागे. ही टक्केवारी लक्षात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे ठेकेदार गेला तरी पलटणीच्या निधीचे कॅन्टीनच्या विक्रीशी असलेले नाते टिकून राहिले. ठेकेदारीत जे व्हायचे ते झालेच. टक्केवारी भरायची म्हणून माल हलका किंवा महाग केला जाई आणि ठेका मिळावा म्हणून अधिकाऱ्यांचे हात ओले केले जात. खुद्द इंग्लंडमध्ये १९१४ साली अशा लाचखोरीचा खटला गाजला. त्यात काही लष्करी अधिकारी आणि एका बड्या किराणा कंपनीची माणसे दोषी ठरली. त्यानंतर महायुद्धातल्या अनुभवाने ब्रिटिश सैन्याने ठेकेदारी बंद करून एक मध्यवर्ती संस्था उभारली, आणि १९२१ पासून ‘नेव्ही, आर्मी अँड एअर फोर्स इन्स्टिट्यूट्स’ हीच संस्था सैनिकांची दुकाने चालवू लागली.

हिंदुस्थानातही तोच कित्ता गिरवण्याचा प्रयत्न झाला. ‘आर्मी कॅन्टीन बोर्ड’ स्थापन झाले, पण ते तग धरू शकले नाही आणि १९२७ मध्ये गुंडाळले गेले. सैनिकांचे दुकान संस्थेने स्वतः, शेवटच्या काउंटरपर्यंत चालवायचे, हा प्रयोग इथे एकदाच झाला आणि तो फसला. त्यामुळे ठेकेदार पुन्हा आले. पुढे त्यांचीच एक संघटना, कॅन्टीन कॉन्ट्रॅक्टर्स सिंडिकेट, पुरवठ्याचे काम पाहू लागली. दुसऱ्या महायुद्धात हिंदी सेना झपाट्याने वाढल्यावर इतका मोठा पुरवठा व्यापाऱ्यांच्या हाती ठेवणे सरकारला परवडणारे नव्हते. म्हणून १९४२ मध्ये सिंडिकेटचे काम ताब्यात घेऊन ‘कॅन्टीन सर्व्हिसेस’ ही सरकारी व्यवस्था उभी करण्यात आली. फाळणीनंतर तिचीही वाटणी झाली. पाकिस्तानातही आजतागायत ‘कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंट’ याच नावाची संस्था सैनिकांना माल पुरवते.

भारताचे कॅन्टीन स्टोअर्स डिपार्टमेंट १ जानेवारी १९४८ रोजी अस्तित्वात आले. सरकारने ४८ लाख रुपयांचे भांडवल दिले आणि सुरुवातीला तीन वर्षांचा प्रयोग म्हणून मान्यता दिली. तो यशस्वी झाल्यावर खाते कायम झाले. त्याचे मुख्यालय मुंबईत, चर्चगेटजवळ महर्षी कर्वे मार्गावरच्या ‘अॅडेल्फी’ इमारतीत आहे. तिथून मालाची निवड आणि कंपन्यांशी दरांच्या वाटाघाटी होतात आणि देशभरातल्या ३४ डेपोंमधून माल वितरित होतो. सुरुवातीला या खात्याचे हिशेब सरकारी तिजोरीच्या बाहेर होते. १९७७ पासून ते भारताच्या संचित निधीत आले, म्हणजे त्यांवर संसदेची आणि महालेखापरीक्षकांची नजर आली.

ही नजर डेपोच्या दारापाशीच थांबली. १९४८ च्या रचनेत खाते हे घाऊक विक्रेते ठरले आणि किरकोळ दुकान युनिटचे. युनिट कॅन्टीन चालते ते रेजिमेंटल निधीवर, म्हणजे युनिटने स्वतः जमवलेल्या आणि सरकारी नसलेल्या पैशावर. डेपोवर संरक्षण मंत्रालयाची सत्ता आहे, तर कॅन्टीनवर त्या त्या दलाची. नौदलाने आपल्या दुकानांसाठी ‘इंडियन नेव्हल कॅन्टीन सर्व्हिस’ अशी वेगळी व्यवस्था उभी केली, पण भूसेनेच्या बहुसंख्य छोट्या कॅन्टीनमागे त्यांच्या कमांडिंग ऑफिसरशिवाय कोणी नाही.

अशा कॅन्टीनचा कारभार जवळून पाहिला की अडचण नेमकी कुठे आहे ते कळते. खात्याच्या यादीतल्या प्रत्येक वस्तूला इंडेक्स नंबर असतो. कॅन्टीनचा सुभेदार किंवा निवृत्त मॅनेजर शिल्लक माल पाहून मागणीपत्र करतो आणि ते डेपोला पाठवतो. नेमून दिलेल्या दिवशी युनिटची गाडी डेपोवर जाते. मागितलेल्यातले जे डेपोत असेल तेवढे गाडीत चढते आणि उरलेल्या वस्तूंसमोर ‘उपलब्ध नाही’ असे लागते. मोठ्या कॅन्टीनची गाडी वरचेवर जाते, त्यामुळे आज न मिळालेला प्रेशर कुकर तिथे पुढच्या फेरीला येतो. छोट्या कॅन्टीनला पुढच्या फेरीची वाट पाहावी लागते. तोवर फळीवर बूटपॉलिश, केसांचे तेल आणि दाढीचा साबण यांच्या रांगा लागलेल्या असतात, आणि जो माल घ्यायला माणूस वीस-पंचवीस कोस एसटीने आलेला असतो, नेमका तोच नसतो.

पैशाचे गणितही असेच उलटे आहे. विक्रीची किंमत वरूनच ठरलेली असते, त्यामुळे दुकानदाराला भाव वाढवून तोटा भरून काढता येत नाही. कॅन्टीनचे उत्पन्न उलाढालीच्या प्रमाणात मिळणाऱ्या सवलतीवर आणि अत्यल्प नफ्यावर अवलंबून असते. उलाढाल कमी म्हणून उत्पन्न कमी, उत्पन्न कमी म्हणून नोकर कमी आणि नोकर कमी म्हणून दुकान कमी वेळ उघडे. मग गिऱ्हाईक दूरच्या मोठ्या कॅन्टीनकडे वळते आणि उलाढाल आणखी घटते. या चक्रातून बाहेर काढणारी तरतूद मूळ रचनेत नाही. त्यात कॅन्टीन ऑफिसर हा पूर्णवेळ दुकानदार नसतो. कवायत, फायरिंग रेंज आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी सांभाळून त्याला हे काम जादा जबाबदारी म्हणून पाहावे लागते. दोन-अडीच वर्षांत त्याची बदली होते, आणि कोणता माल खपत नाही, कोणता मुदत संपण्याच्या बेतात आहे हे नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते. मी अशा अधिकाऱ्यांना मनापासून मानतो, कारण ज्या कामाची दखल घेतली जाण्याची शक्यता फार थोडी, ते काम ते नेटाने करतात.

काउंटरवर उभ्या असणाऱ्या माणसाची कहाणी तर न्यायालयातच लिहिली गेली. युनिट कॅन्टीनचे कर्मचारी सरकारी नोकर आहेत की नाहीत, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे दोनदा आला. २००१ मध्ये न्यायालयाने त्यांना सरकारी कर्मचारी मानले. या कॅन्टीनला माल पुरवणाऱ्या खात्याचा पैसा संचित निधीतला आहे, हा त्यातला महत्त्वाचा दुवा होता. २००९ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय बदलला. युनिट कॅन्टीन खात्याचा भाग नाही, तिचा पैसा सरकारी नाही, म्हणून तिथला नोकर सरकारी नोकर नाही, असा त्याचा मथितार्थ. कायद्याच्या दृष्टीने तो निर्णय १९४८ च्या रचनेला धरूनच आहे, पण त्यामुळे वीस-वीस वर्षे हिशेब आणि माल सांभाळणाऱ्या माणसाचे भवितव्य पुन्हा युनिटच्या निधीवर येऊन पडले.

याच सुमारास महालेखापरीक्षकांनी कॅन्टीन खात्याच्या कामगिरीचे परीक्षण करून २०१० मध्ये अहवाल दिला. खात्याचा नफा अनुदानाच्या रूपाने युनिट कॅन्टीनपर्यंत पोचतो, पण त्या कॅन्टीनचे हिशेब मात्र संसदेच्या लेखापरीक्षणाबाहेर राहतात, हा त्यातला कळीचा आक्षेप होता. आक्षेप योग्यच होता. त्यावरची चर्चा मात्र बहुतांशी नफा कोणाचा या प्रश्नाभोवती फिरली, आणि ज्या कॅन्टीनला नफाच होत नाही तिचे काय करायचे, हा प्रश्न मागे पडला.

गेल्या काही वर्षांतले बदल छोट्या कॅन्टीनच्या बाजूने झालेले नाहीत. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा खात्याच्या खरेदीवरील निम्मा कर परत मिळण्याची सवलत ठेवण्यात आली. ती मोलाची आहे. पण शहरांतल्या मॉलच्या आणि ऑनलाइन दुकानांच्या सवलतींपुढे साबण-पेस्टवरचा फरक आता पूर्वीसारखा डोळ्यांत भरत नाही. २०२१ मध्ये मोटारी, वातानुकूलन यंत्रे अशा मोठ्या वस्तूंची मागणी खात्याच्या संकेतस्थळावरून थेट नोंदवण्याची सोय झाली. गिऱ्हाइकाची त्यामुळे सोय झाली हे खरे, पण छोट्या दुकानाकडे आता मुख्यतः किराणा आणि दारूच उरली. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा आणि कॅन्टीनची सुविधा नाही. म्हणजे दर तुकडीतून माजी सैनिक म्हणून परतणारे आणि कॅन्टीनच्या रांगेत उभे राहणारे लोक आता कमी होत जातील.

सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांतल्या गावांत हा बदल आधी जाणवेल. इथे घराघरांत कोणीतरी फौजेत गेलेले आहे. साताऱ्याजवळचे अपशिंगे तर ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणूनच ओळखले जाते. निवृत्त हवालदाराला किंवा सैनिकाच्या विधवेला कॅन्टीनची ओढ चार पैसे वाचतात एवढ्यासाठीच नसते. पलटणीशी उरलेले दर महिन्याचे नाते तेच असते. खात्याने डेपोच्या वाटपात छोट्या कॅन्टीनचा वाटा आधी बाजूला काढून ठेवावा, आणि नफ्यातून मिळणाऱ्या अनुदानाचा काही भाग उलाढाल न पाहता तिथल्या नोकरांच्या पगारासाठी द्यावा, इतके करायला १९४८ ची रचना मोडावी लागत नाही. खात्याच्या नियंत्रण मंडळाच्या एका निर्णयाने ते होऊ शकते.