डिशवॉशरच्या तळाशी साचलेलं पाणी

मे महिन्यात एकदा रात्री भांडी लावून डिशवॉशर सुरू केला. सकाळी दार उघडलं, तर तळाशी चार बोटं पिवळट पाणी आणि त्यावर तेलाचा तवंग. सर्व्हिसवाल्यांना फोन केला. ‘पंप गेला असेल, बदलावा लागेल,’ असं मशीन न बघताच उत्तर आलं. मला ते पटेना. पाणी उपसायची वेळ आली की मशीनच्या पोटातून घुमल्यासारखा आवाज येत होता, आणि जळालेली मोटर सहसा गप्प असते. आवाज आहे म्हणजे वीज पोचतेय, चाक तेवढं अडलंय.

डिशवॉशरचा बिघाड शोधायचा तर पाण्याच्या मागोमाग जावं. विजेवर उघडणाऱ्या झडपेतून एका वेळी तीन-चार लिटर पाणी आत येतं. मोठा पंप तेच पाणी फिरत्या फवाऱ्यांतून पुन्हा पुन्हा भांड्यांवर मारतो, हीटर ते तापवतो आणि शेवटी दुसरा छोटा पंप ते बाहेर टाकतो. पाणी आलंच नाही, आलं पण फिरलं नाही, फिरलं पण तापलं नाही, की तापलं पण गेलं नाही? एवढं ठरलं की अर्धं काम झालं.

आमचं घोडं चौथ्या टप्प्यावर अडलं होतं. आधी प्लग काढला, नळ बंद केला. पाणी वाटीनं आणि उरलेलं स्पंजनं उपसलं. गाळणी फिरवून बाहेर काढली. तिच्याखालच्या खड्ड्यात कडेला प्लास्टिकचं छोटं झाकण होतं, ते ओढून काढल्यावर उपसा पंपाचं चाक दिसलं. टॉर्च मारला, तर पात्यांत एक चिंचोका घट्ट बसलेला आणि शेजारी काचेची कपची. इथे उघडं बोट कधीही घालू नये. दोन्ही चिमट्यानं काढले आणि चाक लाकडी काडीनं फिरवून पाहिलं.

ते सरळ फिरत नाही, झटके देत टप्प्याटप्प्यानं फिरतं. पुष्कळ जण इथेच पंप बिघडला असं समजून नवा आणतात. पण या मोटरच्या आत कायमचा चुंबक असतो. वीज नसतानाही तो भोवतालच्या लोखंडाला ओढ घेतो, आणि तीच ओढ हाताला झटक्यासारखी लागते. उलट चाक भिंगरीसारखं मोकळं फिरलं तर काळजी करावी. तेव्हा आतली जोडणी तुटलेली असू शकते.

बाकीच्या टप्प्यांची तपासणी सोपी आहे. फवाऱ्याचं पातं कुठल्या दिशेला आहे ते बघून ठेवा, मशीन थोडा वेळ चालवा आणि थांबवून दार उघडा. पातं तिथेच असेल तर भोकांत जिरं, भाताची शितं किंवा क्षार अडकलेत का ते पाहा. पात्याला मोटर नसते, तिरक्या भोकांतून सुटणाऱ्या पाण्याच्या रेट्यानंच ते फिरतं. पाणी तापत नसेल, तर प्लग काढून आणि हीटरच्या वायरी सोडवून मल्टिमीटर लावावा. २३० व्होल्टवर चालणाऱ्या २००० वॉटच्या हीटरचा रोध सुमारे २६ ओहम भरतो. काटा हललाच नाही तर हीटर तुटलाय. हे मात्र विजेच्या कामाची सवय असलेल्यानंच करावं. आणि मशीन पाणी न घेता नुसतं उपसतच राहिलं, तर तळाच्या ट्रेमध्ये गळती होऊन तरंगता खटका वर उचलला गेला असण्याची शक्यता मोठी.

आपल्याकडे मात्र खरा त्रास पाण्याचाच. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळलेलं असतं. शाळेच्या पुस्तकातलं दुष्फेन पाणी ते हेच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅम, आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. असं पाणी तापलं की त्यातले बायकार्बोनेट फुटतात आणि चुन्याची साय काचेवर, हीटरवर, फवाऱ्याच्या भोकांत बसते. ग्लास धुरकट दिसला की त्यावर व्हिनेगरचा थेंब ठेवा. डाग गेला तर तो क्षार. नाहीच गेला तर काच झिजली आहे, तिला इलाज नाही.

हे टाळायला मशीनमध्ये रेझिनचे बारीक मणी असतात. ते कॅल्शियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मशीनमध्ये आपण भरलेल्या मिठाचं पाणी त्यांना पुन्हा रिकामं करतं आणि धरलेलं कॅल्शियम मोरीत जातं. म्हणजे मीठ भांडी घासायला नसतंच! टँकरचं जास्त जड पाणी सुरू झालं की मशीनमधली जडपणाची सेटिंग वाढवावी लागते, हे आमच्या सोसायटीत फार थोड्यांना ठाऊक होतं. जेवणातलं मीठ इथे घालू नये. ते मोकळं राहावं म्हणून त्यात मिसळलेले पदार्थ मण्यांत अडकतात. डिशवॉशरचं जाड मीठच घ्यावं, आणि भरताना सांडलं तर लगेच मशीनची एक फेरी चालवावी, कारण खारं पाणी रात्रभर साचून राहिलं तर स्टीललाही खड्डे पडतात.