क्रूड आणि फर्नेस ऑइल: दोन्ही काळी, म्हणून एक नव्हेत

सोसायटीच्या मीटिंगमध्ये जनरेटरच्या डिझेलचं बिल निघालं की कुणीतरी हमखास म्हणतं, "एवढाली जहाजं क्रूडवर चालतात, मग आपलं इंजिन का नाही चालणार?" मीटिंगमधल्या माणसाचं एक वेळ समजू शकतो. पण भोसरी-चाकणकडे इंजिनांत हयात घालवलेली माणसंही हेच बोलतात, तेव्हा वैताग येतो. जहाजं क्रूडवर, म्हणजे कच्च्या तेलावर, चालत नाहीत. त्यांच्या इंजिनांत वर्षानुवर्षं जळत आलंय ते फर्नेस ऑइलच्या भाऊबंदांतलं जड तेल.

फर्नेस ऑइल तुम्हाला माहीत आहेच. बॉयलरला लागतं, थंडीत टाकीतून हलायला मागत नाही, कपड्याला लागलं की कपडा गेला. रिफायनरीत क्रूडमधून गॅस, पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर तळाशी जे उरतं, ते थोडं पातळ करून विकतात. क्रूड म्हणजे तेलविहिरीतून आलेला सगळा माल, त्यातलं काहीच न काढलेला. उसाचा रस आणि मळी यांचं जे नातं, तेच या दोघांचं. मळीला कुणी 'कच्चा रस' म्हणत नाही. फर्नेस ऑइलला मात्र सर्रास 'क्रूड' म्हणतात.

रंग, वास, भाव यांतल्या फरकांवर वेळ घालवत नाही. सगळं क्रूड काळं नसतं, तपकिरी आणि हिरवटही असतं, एवढं पुरे.

खरी गोची आहे फ्लॅश पॉइंटची. तेल किती तापलं की त्यावरची वाफ ठिणगीने पेट घेईल, तो हा आकडा. आपल्याकडच्या मानकानुसार फर्नेस ऑइलचा फ्लॅश पॉइंट किमान ६६ अंश सेल्सिअस लागतो. जहाजांच्या इंधनासाठी आंतरराष्ट्रीय नियम ६० अंशांचा आहे. क्रूडमध्ये पेट्रोलचा अंश तसाच असतो, त्यामुळे हलक्या क्रूडचा फ्लॅश पॉइंट पुण्यातल्या डिसेंबरच्या पहाटेपेक्षाही खाली असू शकतो. म्हणजे वाफ पेटायला ते तापवावंही लागत नाही. आपल्या पेट्रोलियम कायद्यात २३ अंशांखालचं सगळं 'अ' वर्गात जातं, पेट्रोलच्या पंगतीला. फर्नेस ऑइल 'क' वर्गात.

'काळं म्हणजे जड, जड म्हणजे सुस्त' या समजुतीची किंमत कॅनडातल्या लाक-मेगांतिक गावाने मोजली. ६ जुलै २०१३ च्या रात्री अमेरिकेतल्या बाकेन भागातलं क्रूड वाहणारी मालगाडी तिथे रुळांवरून घसरली, आग लागली आणि ४७ माणसं गेली. गाडी घसरण्याची कारणं वेगळी होती, पण चौकशीत हेही निघालं की ते क्रूड कागदोपत्री होतं त्यापेक्षा जास्त ज्वालाग्राही होतं.

आता इंजिनाकडे या. जहाजावर जड तेल तसंच पंपात सोडत नाहीत. आधी सेपरेटरमधून फिरवून पाणी आणि गाळ काढतात, मग हीटरमधून १२०-१३० अंशांच्या आसपास तापवतात. तेवढं पातळ झालं की इंजेक्टर ते नीट फवारतो. हीच व्यवस्था बघून आलेला माणूस म्हणतो, "क्रूडही तापवू की!" अहो, फर्नेस ऑइल ज्या हीटरमुळे चालतं, त्याच हीटरने क्रूडमधला हलका भाग उकळायला लागेल. लाइनमध्ये बुडबुडे, पंपाला धड तेल नाही, इंजिन हंटिंग करणार, म्हणजे त्याचा वेग सारखा वर-खाली होणार. आणि एखादा जॉइंट गळका असेल तर ती वाफ बेसमेंटमधल्या डीजी रूममध्ये, म्हणजे जनरेटरच्या खोलीत, साचणार, जिथे बॅटरी आहे, ठिणगी पाडणारा कॉन्टॅक्टर (विजेचा मोठा स्विच) आहे आणि बहुधा बिडी ओढणारा वॉचमनही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते.

क्रूडवर इंजिन चालतच नाही, असं मात्र मी म्हणत नाही. तेलक्षेत्रांवर आणि पाइपलाइनच्या पंपिंग स्टेशनांवर मोठी मध्यम वेगाची इंजिनं क्रूडवर चालवतात. पण तिथे इंजिन बनवणाऱ्या कंपनीने त्या ठरावीक क्रूडला मान्यता दिलेली असते, आधी गॅस, पाणी आणि मीठ काढलेलं असतं, इंधनाची लाइन दुहेरी भिंतीची असते, गॅस डिटेक्टर असतात आणि विजेचं सामान स्फोटरोधक असतं. तुमचा मिनिटाला १५०० फेरे घेणारा, कॉमन-रेल (एकाच उच्चदाब नळीतून सगळ्या इंजेक्टरना तेल देणारा) जनरेटर सेट त्या जातीचाच नाही. क्रूडमधलं मीठ आणि बारीक वाळू त्याच्या इंजेक्टरची वाट लावेल.

शिवाय 'क्रूड' म्हणजे नेमकं कुठलं? मुंबई हायचं हलकं आणि कमी गंधकाचं, पण त्यात मेण इतकं की साधारण ३० अंशांखाली ते थिजायला लागतं. राजस्थानातल्या बाडमेरचं त्याहून मेणचट. ते गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत न्यायला शेकडो किलोमीटरची पाइपलाइन सतत गरम ठेवावी लागते. डिझेलला सीटेनचा, म्हणजे इंजिनात ते किती चटकन पेटतं त्याचा, किमान आकडा ठरलेला आहे, क्रूडला कसलीच हमी नाही.

पूर्वी शेतातल्या पाण्याच्या विहिरीवरच्या इंजिनांना 'क्रूड ऑइल इंजिन' म्हणायचे, आणि तो दाखला देणारे काका मला दर महिन्याला भेटतात. काका, त्या टाकीत बहुतेक वेळा हलकं डिझेल ऑइल नाहीतर तसलंच काही पडायचं. आणि पुण्यात क्रूड आणणार तरी कुठून? ते मुंबईला उतरतं आणि तिथल्या रिफायनऱ्यांत जातं. लोणी काळभोरच्या डेपोत पाइपने येतं ते तयार पेट्रोल-डिझेल. त्यामुळे 'स्वस्तात क्रूड देतो' म्हणणारा टँकरवाला भेटला, तर तो फर्नेस ऑइल विकत असतो, नाहीतर वापरलेलं इंजिन ऑइल गाळून. त्याच्याकडे टेस्ट रिपोर्ट मागा आणि आधी फ्लॅश पॉइंट बघा, मग पाणी, मग गाळ. रिपोर्ट नसेल तर टँकर गेटवरूनच परत पाठवा.