दोन-दोन पर्यायांची तुलना आणि धंद्यातला अग्रक्रम

रावेर-सावदा पट्ट्यातील केळीच्या एखाद्या व्यापाऱ्याकडे भांडवल एकाच कामापुरते आहे आणि कामे मात्र तीन आहेत असे समजू: रायपनिंग चेंबर (केळी पिकवण्याची बंदिस्त खोली) बांधणे, वेफर्सचा कारखाना टाकणे किंवा मालवाहतुकीसाठी स्वतःची वातानुकूलित गाडी घेणे. तिन्हींना दहापैकी गुण द्यायला बसले की आठ, साडेसात, सात असे आकडे पडतात आणि त्यांवरून काहीच ठरत नाही. चेंबर आणि वेफर्स या दोहोंत आधी काय, एवढेच विचारले तर उत्तर पुष्कळदा चटकन मिळते. अशा जोडीजोडीच्या तुलनेला मानसशास्त्रज्ञ लुई थर्स्टन यांनी १९२७ मध्ये गणिती रूप दिले. पुढे १९७० च्या दशकात थॉमस साटी या अमेरिकी गणितज्ञाने गुंतागुंतीच्या निर्णयांसाठी जोड्यांच्याच तुलनेवर आधारलेली पद्धत विकसित केली.

साटी यांच्या मोजपट्टीवर १ म्हणजे दोन्ही सारखे आणि ९ म्हणजे एकाचे महत्त्व दुसऱ्यापेक्षा कमालीचे अधिक. चेंबर वेफर्सच्या तिप्पट, वेफर्स गाडीच्या दुप्पट आणि चेंबर गाडीच्या चौपट महत्त्वाचे, असे व्यापाऱ्याने सांगितले, तर उलट तुलनांना १/३, १/२ आणि १/४ हे आकडे आपोआप मिळतात. हे आकडे तक्त्यात मांडून प्रत्येक पर्यायाच्या ओळीतील तीन आकड्यांचा (स्वतःशी तुलनेचा १ धरून) गुणाकार करून घनमूळ काढले आणि तिन्ही घनमुळांच्या बेरजेने भागले, की चेंबरला सुमारे ६२.५, वेफर्सला २३.८ आणि गाडीला १३.७ टक्के भार, म्हणजे महत्त्वाचा वाटा, येतो.

खरी गंमत पुढे आहे. तिप्पट आणि दुप्पट यांचा गुणाकार सहा होतो, व्यापारी मात्र चार म्हणाला. एवढी तफावत पद्धत चालवून घेते, कारण माणसाचे मत तराजूसारखे काटेकोर नसते. पण तोच व्यापारी, आधीची दोन उत्तरे कायम ठेवून, गाडी चेंबरच्या दुप्पट महत्त्वाची म्हणाला, तर मते गोल फिरतात. उत्तरे एकमेकांशी किती विसंगत आहेत हे सांगणाऱ्या गुणोत्तराची मर्यादा साटी यांनी ०.१० धरली होती. येथे ते ०.६ च्या वर जाते. माझ्या मते अशी विसंगती उघडी पाडणे हाच या पद्धतीचा मोठा उपयोग आहे. बहुधा अशा वेळी माणसाने एका प्रश्नाला नफा डोळ्यांपुढे ठेवून आणि दुसऱ्याला हंगामातली भाड्याच्या गाड्यांची टंचाई आठवून उत्तर दिलेले असते. म्हणून नफा, जोखीम, मजूर हे निकष आधी वेगळे करून त्यांचीही जोडीने तुलना करावी लागते.

कष्ट मात्र वाढत जातात: तीन पर्यायांच्या तीन जोड्या, सहांच्या पंधरा, दहांच्या पंचेचाळीस.

या पद्धतीवर एक गंभीर आक्षेपही आहे. यादीतल्याच एखाद्या पर्यायासारखा आणखी एक पर्याय घातला, तर आधीच्या दोन पर्यायांचा आपसातील क्रम उलटू शकतो, हे बेल्टन आणि गिअर या संशोधकांनी १९८३ मध्ये दाखवले. त्यामुळे वेफर्सच्या जोडीला केळीच्या पिठाचा कारखानाही विचारात घ्यायचा असेल, तर तो तक्ता मांडण्यापूर्वीच यादीत असलेला बरा.