गोऱ्यांच्या रकान्यातले लेबनीज

लेबनीज वंशाच्या अमेरिकनांची गोऱ्या अमेरिकनांशी तुलना करणारे आकडे अधूनमधून चर्चेत येतात आणि बहुतेक वेळा त्यांचे पारडे लेबनीजांकडे झुकलेले असते. २००० सालच्या जनगणनेनुसार अमेरिकेतील सर्व कुटुंबांचे मध्यक वार्षिक उत्पन्न सुमारे ५० हजार डॉलर होते, तर लेबनीज कुटुंबांचे ६० हजारांच्या आसपास. पंचविशी ओलांडलेल्या अमेरिकनांपैकी २४ टक्के पदवीधर होते, तर लेबनीजांमध्ये हे प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात होते. आकड्यांविषयी वाद नाही. वाद आहे तो मांडणीविषयी, कारण ‘लेबनीज विरुद्ध गोरे’ असे दोन रकाने आखताना एक गोष्ट सहज नजरेआड होते: अमेरिकी कायद्याच्या लेखी लेबनीज माणूस गोराच आहे आणि शंभर वर्षांहून अधिक काळ आहे. त्यामुळे ही तुलना दोन वेगळ्या समाजांची नसून एका मोठ्या गटाची त्याच्याच एका छोट्या तुकड्याशी केलेली आहे. हा तुकडा त्या गटात कसा जाऊन बसला, हे पाहिल्याशिवाय उत्पन्नातील तफावतीचा अर्थ लागत नाही.

ही कथा आजच्या लेबनॉन देशाच्याही आधी सुरू होते. ऑटोमन साम्राज्यातील माउंट लेबनॉन या डोंगराळ मुलखात १८६० मध्ये द्रूझ पंथाचे लोक आणि मॅरोनाइट पंथाचे ख्रिस्ती यांच्यात भीषण कत्तली झाल्या आणि पुढच्याच वर्षी युरोपीय सत्तांच्या दडपणाखाली तेथे ख्रिस्ती राज्यपालाच्या हाताखालचा स्वायत्त प्रांत अस्तित्वात आला. शांतता आली, लोकसंख्या वाढली, परंतु जमीन तेवढीच राहिली. डोंगरउतारांवर तुतीची लागवड, घरोघरी रेशीमकिडे आणि फ्रान्समधील लियोंच्या गिरण्यांना जाणारे रेशीम, असे तेथील अर्थकारण होते. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर पूर्व आशियातील स्वस्त रेशीम युरोपच्या बाजारात उतरले आणि या डोंगरांतील शेतकऱ्याला मिळणारा भाव ढासळला. पहिले महायुद्ध सुरू होईपर्यंत माउंट लेबनॉनची साधारण एक तृतीयांश लोकसंख्या देश सोडून गेली होती, असे मानले जाते. त्यांतील बरेच ब्राझील आणि अर्जेंटिनाला गेले, काही पश्चिम आफ्रिकेत उतरले आणि उरलेले न्यूयॉर्कच्या बंदरात. अमेरिकी दफ्तरात त्यांची नोंद आधी तुर्क म्हणून आणि १८९९ पासून सीरियन म्हणून होऊ लागली. ‘लेबनीज’ ही ओळख १९२० नंतर, फ्रेंचांनी बृहत् लेबनॉन जाहीर केल्यावर हळूहळू रुळली.

मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला वॉशिंग्टन स्ट्रीटवर त्यांची पहिली मोठी वस्ती उभी राहिली. या वस्तीची आर्थिक रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. नव्याने आलेल्या माणसाला भांडवल लागत नसे, इंग्रजीची दहा-वीस वाक्ये पुरत. आपल्याच गावचा एखादा घाऊक व्यापारी त्याला उधारीवर माल देई. पाठीवर एक मोठी पेटी, जिला ते ‘कश्शा’ म्हणत: वरच्या खणात सुया, दोरे, बटणे, कंगवे, खाली लेस, रुमाल, फिती, आणि एका कोपऱ्यात पवित्र भूमीतून आणलेले म्हणून विकायचे क्रूस आणि जपमाळा. रस्त्यापासून आत असलेल्या एकाकी शेतघरांत, जिथे दुकान मैलोगणती दूर होते, तिथे ही पेटी उघडली की विक्री ठरलेली. स्त्रियाही मोठ्या संख्येने फेरीवर जात, आणि घरातल्या बायकांशी त्यांचा व्यवहार पुरुष फेरीवाल्यापेक्षा सहज होई. दिवसाअखेर हाती येणारा पैसा कारखान्यातल्या मजुरीपेक्षा अनेकदा अधिक असे. काही वर्षांत पाठीवरची पेटी घोडागाडीत जाई, घोडागाडीची जागा किराणा किंवा कापडाचे दुकान घेई आणि दुकानदार स्वतःच नव्या फेरीवाल्यांना उधारी देऊ लागे. इंडियानातील फोर्ट वेन, आयोवातील सीडर रॅपिड्स अशा शहरांतून हे जाळे देशाच्या मध्यभागात पसरले.

सगळेच अर्थात व्यापारी नव्हते. मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्सच्या कापडगिरण्यांत सीरियन कामगार होते आणि १९१२ च्या तेथील गाजलेल्या संपात एक तरुण सीरियन सैनिकाच्या संगिनीने मारला गेला. पुढे सिनेटमधील बहुमतवाल्या पक्षाचे नेते झालेले जॉर्ज मिचेल यांची लेबनॉनहून आलेली आई मेन राज्यातील कापडगिरणीतच राबत होती. मात्र फेरीच्या व्यापारामुळे या समाजाचा मोठा भाग एका पिढीच्या आत मजुरीतून मालकीकडे सरकला, आणि पोलिश किंवा इटालियन स्थलांतरितांपेक्षा त्याची वाट इथेच वेगळी झाली. याला कोणी ‘फिनिशियन रक्त’ म्हणतात, म्हणजे त्या किनाऱ्यावरच्या प्राचीन दर्यावर्दी व्यापाऱ्यांचा वारसा. मला ते स्पष्टीकरण पटत नाही. हेच लोक आपल्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या शेतकरी होते.

पैसा येत होता, पण नागरिकत्वाचा प्रश्न उभा होता. १७९० च्या कायद्याने परकीयांपैकी केवळ ‘मुक्त गोऱ्या व्यक्तींना’ नागरिक होण्याची मुभा दिली होती. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली, आशियाई मात्र बाहेरच राहिले. सीरिया आशियात. मग सीरियन कोण? १९०९ मध्ये लॉस एंजेलिसमधील जॉर्ज शिशीम या लेबनीज वंशाच्या पोलीस शिपायावर हाच प्रश्न येऊन आदळला. आपण मंगोल, म्हणजे आशियाई वंशाचे, ठरलो तर त्याच भूमीत जन्मलेला येशूही मंगोल ठरेल, असा त्याचा युक्तिवाद होता, आणि त्याला नागरिकत्व मिळाले. त्याच वर्षी जॉर्जियातील कोस्टा नजूर यांच्या बाजूनेही निकाल लागला. दक्षिण कॅरोलिनात मात्र न्यायाधीश हेन्री स्मिथ यांनी १९१३ आणि १९१४ मध्ये सीरियन अर्जदारांना नकार दिला. १७९० मध्ये ‘गोरा’ म्हणजे युरोपीय वंशाचा एवढाच अर्थ लोकांना अभिप्रेत होता, असे त्यांचे म्हणणे. येशूच्या जन्मभूमीचा मुद्दा त्यांनी भावनिक म्हणून बाजूला सारला. त्यांतील जॉर्ज डाऊ यांचा खटला अपिलात गेला. सीरियन समाजाने वर्गणी काढली, संघटना उभारली, आणि १९१५ मध्ये अपील न्यायालयाने स्मिथ यांचा निर्णय फिरवून सीरियन गोरेच असल्याचे मान्य केले.

या खटल्यांशी आपल्याकडच्या माणसांचाही संबंध आला, कारण कायद्याचा प्रश्न एकच होता. मुंबईचे पारशी भिकाजी बलसारा यांना १९१० मध्ये अपील न्यायालयाने गोरे मानून नागरिकत्व दिले. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांना उलट न्याय दिला: शास्त्रज्ञ त्यांना कॉकेशियन म्हणत असले तरी सामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे ते गोरे नाहीत. त्यानंतर ज्या भारतीयांना आधी नागरिकत्व मिळाले होते, त्यांच्याकडून ते काढून घेण्याची मोहीम सुरू झाली. थिंड यांचे वकील सखाराम गणेश पंडित, ज्यांचे नाव वाचून मराठी माणसाचे कान टवकारले जातील, त्यांनाही स्वतःच्या नागरिकत्वासाठी लढावे लागले आणि १९२६ मध्ये ते अपिलात जिंकले. सीरियन आणि भारतीय यांच्या नशिबातील हा फरक कातडीच्या रंगाने ठरला असे म्हणता येत नाही. एकाच प्रश्नाला वेगवेगळ्या न्यायालयांनी वेगवेगळी उत्तरे दिली आणि लेबनीजांच्या वाट्याला सोयीचे उत्तर आले.

त्या उत्तराचे आर्थिक मोल मोठे होते. नागरिकत्व म्हणजे मत, आणि कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत, जेथे नागरिक होण्यास अपात्र परकीयांना शेतजमीन घेण्याची बंदी होती, तेथे जमिनीचा हक्क. दक्षिणेत, जेथे शाळा, रेल्वेचे डबे आणि दवाखाने वर्णाने विभागलेले होते, तेथे गोऱ्यांच्या शाळेत मुलाला घालता येणे म्हणजे पुढच्या पिढीची दिशाच बदलणे. लुइझियानातील लेक चार्ल्स येथे १९०८ मध्ये लेबनीज आईवडिलांच्या पोटी जन्मलेले मायकेल डीबेकी पुढे जगप्रसिद्ध हृदयशल्यविशारद झाले. त्याच गावात त्याच साली जन्मलेल्या कृष्णवर्णीय मुलासाठी तो रस्ता बंद होता. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी आणि घरासाठी सरकारने जी मदत दिली, तिचाही पुरेपूर लाभ गोऱ्यांच्या रकान्यात असलेल्यांना मिळाला आणि कृष्णवर्णीयांना फार थोडा. लेबनीज पहिल्या रकान्यात होते.

हे गोरेपण पक्के मात्र नव्हते. १९२९ मध्ये फ्लोरिडातील लेक सिटी येथे एका सीरियन किराणा दुकानदाराला जमावाने तुरुंगातून ओढून ठार मारले. त्याच्या पत्नीचा मृत्यू पोलिसांच्या गोळ्यांनी झाला होता. कायद्याने दिलेला दाखला गावगुंडांना मान्य असतोच असे नाही.

तुलनेच्या दृष्टीने आणखी एक घटना निर्णायक ठरली, ती १९२४ चा स्थलांतर कायदा. सीरिया आणि लेबनॉन यांना मिळून वर्षाला जेमतेम शंभर जणांचा कोटा मिळाला. त्याआधी महायुद्धाच्या काळात माउंट लेबनॉनवर दुष्काळ आणि नाकेबंदी यांची जी आपत्ती कोसळली, तिने लोकसंख्येचा फार मोठा भाग गिळला होता आणि परत जाऊन लाल कौलांचे घर बांधण्याची स्वप्ने बहुतेकांनी गुंडाळून ठेवली होती. आता नवे लोकही येईनात. गरीब, इंग्रजी न येणाऱ्या नवागतांची भर थांबल्यामुळे पुढची चाळीस वर्षे या समाजाची सरासरी खाली ओढणारे कोणी उरले नाही. मुले इंग्रजीत वाढली, नातवंडांनी आयरिश आणि इटालियन कॅथलिकांशी लग्ने केली. शिवाय जे आले होते ते मुळातच निवडक होते: प्रवासाचे भाडे जमवू शकणारे आणि न्यूयॉर्क बंदरातील एलिस बेटावर खुपऱ्यांच्या तपासणीत परत न पाठवले गेलेले. अशा निवडक लोकांच्या वंशजांची तुलना ॲपलेशियाच्या कोळसाखाणींपासून न्यू इंग्लंडच्या बँकांपर्यंत पसरलेल्या साऱ्या गोऱ्या समाजाशी करायची, तर सरासरीत त्यांचे वर असणे हे आश्चर्य नव्हे. शहरात राहणाऱ्यांचे प्रमाणही त्यांच्यात अधिक, आणि शहरी पगार ग्रामीण पगारापेक्षा जास्त असतात, एवढे साधे कारणही विसरता कामा नये.

१९६५ नंतर कोटा गेला आणि १९७५ ते १९९० या काळात लेबनॉन यादवीत होरपळला, तेव्हा दुसरी लाट आली. तिच्यात बैरुतचे डॉक्टर आणि अभियंते होते, तसेच दक्षिण लेबनॉनच्या बिन्त जबैल परिसरातले शिया शेतकरीही. मिशिगनमधील डिअरबॉर्न येथे फोर्डच्या रूज कारखान्याच्या सावलीत, शहराच्या दक्षिण भागात, यांतले अनेकजण स्थिरावले. तिथले महापौर ऑर्व्हिल हबर्ड १९४२ ते १९७८ या काळात कृष्णवर्णीयांना शहरात राहू न देण्यासाठी कुप्रसिद्ध होते; अरबांना मात्र राहू दिले गेले, जरी त्यांची वस्ती उठवण्याचे बेत नगरपालिकेने केलेच. याच दक्षिण भागात १९७१ मध्ये अरब समाजाची सेवासंस्था ‘ॲक्सेस’ सुरू झाली. २०२१ मध्ये त्याच शहराने लेबनीज वंशाचे अब्दुल्ला हम्मूद यांना महापौर म्हणून निवडले. ओहायोतील टोलेडो शहराचा चौथ्या पिढीतील वकील आणि डिअरबॉर्नमध्ये पेट्रोल पंप चालवणारा पहिल्या पिढीतला माणूस जनगणनेत एकाच ‘लेबनीज’ शब्दाखाली येतात. दोघांची सरासरी काढली की दोघांपैकी कोणाचेच आयुष्य तिच्यात दिसत नाही.

दरम्यान, गोऱ्यांचा रकाना शासकीय नियमातच पक्का झाला होता. १९७७ च्या केंद्रीय निर्देशाने युरोप, मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका येथील मूळ रहिवाशांचे वंशज म्हणजे गोरे, अशी व्याख्या केली. गंमत अशी, की २००२ मध्ये काही देशांच्या पुरुषांना विशेष नोंदणीसाठी सरकारी कार्यालयांत बोलावण्यात आले, तेव्हा त्या यादीत लेबनॉन होते. जनगणनेच्या टेबलावर गोरा आणि विमानतळाच्या टेबलावर संशयित, अशी ही दुहेरी नोंद होती. २०२० च्या जनगणनेच्या फॉर्मवर ‘गोरा’ या चौकटीखाली मूळ लिहिण्यासाठी जी उदाहरणे छापली होती, त्यांत जर्मन, आयरिश, इंग्लिश, इटालियन यांच्या पाठोपाठ ‘लेबनीज’ आणि ‘इजिप्शियन’ हे शब्द होते. त्या फॉर्मवर सुमारे ६ लाख ८५ हजार लोकांनी लेबनीज मूळ नोंदवले. मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेतील मुळांच्या गटांमध्ये हा सर्वांत मोठा आकडा ठरला.

मार्च २०२४ मध्ये मध्यपूर्व व उत्तर आफ्रिका यांसाठी स्वतंत्र चौकट ठेवण्याचा निर्णय केंद्र सरकारने जाहीर केला. त्याआधी जनगणना विभागाने २०१५ मध्ये अशा चौकटीची चाचणी घेतली होती. चौकट नसताना या भागातील मुळांच्या सुमारे ८५ टक्के लोकांनी ‘गोरा’ ही खूण केली. चौकट दिल्यावर तसे करणारे जेमतेम २० टक्के उरले. नवी चौकट छापली गेली तर ज्या लेबनीजांची गोऱ्यांशी तुलना आजवर होत आली, त्यांतले बरेच जण त्या रकान्यातून स्वतःहून बाहेर पडतील. जॉर्ज डाऊ यांच्यासाठी वर्गणी देणाऱ्यांच्या पणतवंडांपैकी काही जण मात्र जुन्याच चौकटीत खूण करत राहतील.